अंगाला बेतलेली सायकल

कोट शिवावयाचा झाला म्हणजे आपण शिंप्यास माप देतों. चष्मा घ्यावयाचा झाला म्हणजे डोळे तपासून घेतों. परंतु सायकल घ्यावयाची झाली कीं दुकानांत उभी असेल ती, रंग पाहून, घरीं आणतों. मग महिन्याभरांत हातांना मुंग्या येऊं लागतात, गुडघा कुरकुरूं लागतो, आणि ‘आतां वय झालें’ असा निकाल देऊन आपण ती जिन्याखालीं उभी करतों. आमच्या मतें या खटल्यांत वयाला पुष्कळदां विनाकारण शिक्षा होते. खरी अपराधी असते ती अंगाला न बसणारी सायकल. एक जिन्नस अडगळींत गेला एवढेंच हें नुकसान नव्हे. पन्नाशी उलटलेल्या माणसाचा रोजचा व्यायाम आणि स्वतःच्या पायांवर हिंडण्याची मोकळीक हीं दोन्ही त्याबरोबर जातात.

अलीकडे आपल्या घरांतून ‘हायब्रीड’ म्हणजे संकरित सायकल बरीच दिसूं लागली आहे. शर्यतीच्या सायकलीचीं मोठीं चाकें आणि डोंगरी सायकलीचें सरळ हँडल यांचा हा संकर आहे. कारखान्यांतून ती निघते ती सरासरी मनुष्यासाठीं. आणि सरासरी मनुष्य तर कोणाच्याच घरीं राहत नाहीं! तेव्हां तिच्यांत थोडे फेरफार करणें ओघानेंच आलें. मात्र त्यांचा क्रम चुकला तर पैसा जातो आणि दुखणें मागें राहतें. म्हणून तो क्रमच आम्ही येथें देत आहों.

पहिली गोष्ट सीटची उंची. तिला एक पैही खर्च नाहीं. भिंतीला हात टेकून सीटवर बसावें, पेडल सर्वांत खालीं न्यावें आणि त्यावर टांच ठेवावी. या वेळीं पाय सरळ झाला पाहिजे. मग टांचेऐवजीं चवडा पेडलवर आणला कीं गुडघ्यांत जो किंचित् बाक राहतो, तोच योग्य बाक. पाय चटकन जमिनीस टेकावा म्हणून सीट फार खालीं ठेवण्याची आपल्याकडे संवय आहे. तिच्यामुळें प्रत्येक फेऱ्यास गुडघा नको इतका दुमडतो आणि वाटीपाशीं दुखूं लागतो. उलट सीट फार उंच असली तर कंबर दोहोंकडे डुलते व गुडघ्याच्या मागील शिरा ओढल्या जातात. थांबतांना सीटवरून पुढें उतरून पाय टेकावा; ही संवय आठ दिवसांत लागते.

एकत्र कुटुंबांत एकच सायकल काका, सूनबाई आणि कॉलेजांतील चिरंजीव अशा तिघांच्या उपयोगाची असते. अशा घरीं सीटच्या दांडीवर तीन रंगांच्या चिकटपट्ट्या लावाव्या आणि पान्याशिवाय हातानें सैल करतां येईल अशी पकड बसवून घ्यावी. ज्यानें त्यानें आपल्या रंगावर सीट आणून, पकड घट्ट आवळून मगच निघावें. दांडीवर कमाल उंचीची खूण कोरलेली असते. तिच्यापलीकडे दांडी ओढूं नये.

उंची साधल्यावर सीटच्या आकाराकडे वळावें. सीट जितकी मऊ तितकी सुखाची, ही समजूत लांबच्या वाटेवर टिकत नाहीं. बसणाराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर पडावयास हवा. फार मऊ गादींत तीं हाडें रुततात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. म्हणून सीट बेताची कठीण आणि त्या दोन हाडांमधील अंतरास जुळेल इतकी रुंद असावी. स्त्रियांत हें अंतर सामान्यतः अधिक असतें; तेव्हां चिरंजीवांची अरुंद सीट सूनबाईंस टोंचली, तर त्यांत त्यांच्या नाजूकपणाचा कांहीं दोष नाहीं.

हातांचेंही असेंच आहे. सरळ हँडलवर रेलून बसलें म्हणजे तळहाताच्या करंगळीकडील बाजूची नस दाबली जाते आणि दोन बोटें बधिर होतात. तेथें पंखासारख्या पसरट मुठी बसवाव्या, म्हणजे भार वांटला जातो. हँडल फार दूर व खालीं वाटत असेल तर तें वर आणि जवळ आणणारा स्टेम मिळतो.

येथपर्यंत सुखाचें झालें; आतां गतीचें पाहूं. वस्तुतः या दोन गोष्टी वेगळ्या नाहींत, हें टायर पाहिले म्हणजे ध्यानांत येतें. १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसविले ते धक्के कमी व्हावे म्हणून. पण पुढें शर्यतीही त्याच टायरांनीं जिंकल्या. हवा दगडासारखी ठासून भरली तर चाक खडबडीत रस्त्यावर उसळतें, आणि प्रत्येक उसळीबरोबर पुढें जाणारी शक्ति वर फुकट जाते. सत्तर किलो वजनाच्या माणसास ३८ मिलिमीटर रुंदीच्या टायरांत साधारण ४५ ते ५५ पौंड हवा पुरे होते. पुढील चाकांत मागच्याहून थोडी कमी. नवा टायर घेतांना त्याच्या अंगावरील आंकडे वाचावे. ‘३८-६२२’ यांत पहिला आंकडा रुंदीचा व दुसरा रिमचा. आजोबांच्या काळ्या सायकलीचा अठ्ठावीस इंची टायर ६३५चा असतो. तो हायब्रीडच्या ६२२च्या रिमवर बसावयाचा नाहीं.

स्प्रिंगचा पुढील फोर्क दुकानांत मोठा ऐटबाज दिसतो. पण स्वस्त सायकलींवरील असा फोर्क साध्या फोर्कापेक्षां किलोभर तरी जड असतो, आणि चढावर उभें राहून पेडल मारलें कीं पायाचा जोर तोच खाऊन टाकतो. डांबरी रस्त्यावर रुंद टायर त्याचें बरेचसें काम बिनतक्रार करतो. सायकल घ्यावयाची असेल तर साध्या फोर्काचीच घ्यावी, असें आम्ही सुचवूं.

गियरांचा प्रश्न पुण्यासारख्या गांवीं विशेष महत्त्वाचा. पेठांतून सपाटीवर कसेंही चालतें. कात्रजच्या चढावर परीक्षा होते. जुन्या काळ्या सायकलीवर पेडलच्या एका फेऱ्यांत आपण सुमारें साडेपांच मीटर जातों. हायब्रीडवर पुढें २८ दात्यांचें व मागें २८ दात्यांचें चक्र लावलें तर एका फेऱ्यांत सुमारें २.२ मीटर; मागील चक्र ३४ दात्यांचें घेतलें तर केवळ १.८ मीटर. वाट तितकीच, वेळ थोडा अधिक, पण पायावरील जोर सहाव्या हिश्शाहून अधिक उतरतो. हा फेरफार करण्यापूर्वीं मागील डिरेलर एवढें मोठें चक्र पेलतो कीं नाहीं हें मिस्त्रीकडून पाहून घ्यावें. हलका गियर लावणें कित्येकांना कमीपणाचें वाटतें. टूर द फ्रान्स शर्यतीचे संस्थापक देग्रांज यांनाही गियर हे प्रौढांनाच शोभतात असें वाटे; परंतु १९३७ सालीं त्या शर्यतींत डिरेलर वापरण्याची सरसकट मुभा मिळाली, आणि जगांतील बळकट तरुणांनीं ते आनंदानें बसवून घेतले. मग गुडघे सांभाळणाऱ्या काकांनीं संकोच कां धरावा?

शेवटीं निगा. चेनच्या दोन खिळ्यांत अर्धा इंच अंतर असतें. मुलांची फूटपट्टी घेऊन एका खिळ्याच्या मध्यापासून मोजावें; चोविसावा खिळा नेमका बारा इंचांवर आला तर चेन चांगली. तो एक सोळांश इंच पुढें सरकला तर चेन बदलावी. त्याहून उशीर केला तर ती दातेही खाते, आणि खर्च दुप्पट होतो. पावसाळ्यापूर्वीं ब्रेकचे रबर पाहावे, त्यांत रुतलेली खडी टोंकरून काढावी आणि पूर्ण लांबीचे मडगार्ड लावावे. ओढणी किंवा साडी वापरणाऱ्या भगिनींसाठीं चेनवरील झांकण आणि मागील चाकाची जाळी या चैनीच्या वस्तु नव्हेत. त्यांवांचून सायकल अपुरीच समजावी.

हे सारे फेरफार एका दिवशीं करूं नयेत. एक करावा, आठवडाभर सायकल चालवावी, अंग काय म्हणतें तें ऐकावें, आणि मगच दुसऱ्याकडे वळावें. पुष्कळांना असें आढळून येईल कीं, पान्याच्या चार फिरक्या आणि हवेचा बेत एवढ्यावरच काम भागलें, व खरेदीची यादी तशीच खिशांत राहिली. या रविवारीं जिन्याखालची सायकल बाहेर काढून सीटची उंची तेवढी पाहावी, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंति आहे. वयाचा विचार त्यानंतर करावा.