रेंजपलीकडचा चौकोन

गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीच्या जंगलातील सागाचा लठ्ठा डेपोत येऊन पडतो तेव्हा त्याच्या कापलेल्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का उमटलेला असतो, आणि त्या शिक्क्याचा सोबतच्या वाहतूक परवान्याशी मेळ बसल्यावाचून नाक्यावरून गाडी सुटत नाही. वस्तूची ओळख वस्तूवरच कोरावी, कचेरीच्या दप्तरापर्यंत धाव घेण्याची गरज निदान प्रथमदर्शनी तरी पडू नये, हे या मुलखातील जुने शहाणपण आहे. आणि क्यूआर कोड नावाच्या काळ्यापांढऱ्या चौकोनाविषयी मला वाटणारे प्रेम याच शहाणपणातून आलेले आहे.

या चौकोनाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी १९९४ साली सिद्ध केला. कंपनीने एकस्वाचा हक्क न बजावता तो सर्वांना मोकळा ठेवला, आणि २००० साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता लाभली. तीन कोपऱ्यांतील तीन ठळक चौकटींमुळे कॅमेऱ्याला त्याची दिशा कळते, मग तो उलटा धरा वा तिरपा.

महाराष्ट्रात त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती एका प्राथमिक शिक्षकाने. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना असे कोड जोडून त्यांतून मुलांपुढे ध्वनी, चित्रे आणि धडे उभे केले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही ते आले, आणि २०२० साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. या कार्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु पुस्तकातील असा कोड बहुधा केवळ पत्ता सांगतो. मजकूर दूर कोठे तरी असतो आणि तेथवर पोहोचायला नेटवर्क लागते. भामरागड किंवा एटापल्लीच्या बाजूला ज्याने प्रवास केला असेल त्याला रेंज म्हणजे काय चीज आहे हे सांगावे लागत नाही. एका पर्यटनस्थळी देखणा फलक लावलेला मी पाहिला. त्यावरील कोड फोनने तत्परतेने वाचला, आणि मग पांढऱ्या पडद्यावर नुसते वर्तुळ फिरत राहिले.

म्हणून माझा आग्रह असा, की आपल्या अरण्यात चौकोनात पत्ता न घालता मजकूरच घालावा. कोड तयार करून देणाऱ्या कोणत्याही साधनात लिंकऐवजी ‘टेक्स्ट’ हा प्रकार निवडला की काम भागते; फोन तो मजकूर नेटवर्कवाचून दाखवतो. मात्र देवनागरीचा हिशेब येथे नीट समजून घ्यावा लागतो. सर्वांत मोठ्या, म्हणजे एका बाजूस बारीक काळ्यापांढऱ्या चौकोनांची १७७ घरे असलेल्या कोडात २,९५३ बाइट मावतात. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘चंद्रपूर’ हा शब्द त्यामुळे २४ बाइट घेतो. ‘गडचिरोली’ही नेमके तितकेच. फलकासाठी ५७ घरांचा कोड मला सोयीचा वाटतो. त्याची दुरुस्तीची, म्हणजे खराब झालेला भाग भरून काढण्याची, ताकद सर्वांत वरच्या पायरीवर ठेवली तर ११९ बाइट उरतात, आणि तेवढ्यात ‘मोह. चैत्रात फुले गळतात. बियांचे तेल काढतात.’ हा संपूर्ण मजकूर ११४ बाइटांत बसतो. शब्दांची अशी काटकसर करताना ज्याला आनंद होत नाही त्याने हा उद्योग हाती घेऊ नये!

दुरुस्तीच्या ताकदीचे हे प्रकरण तर मला अद्भुतच वाटते. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या रीतीने मजकुराबरोबर काही जादा अंक असे गुंफले जातात, की वरच्या पायरीवर कोडाचा सुमारे ३० टक्के भाग नष्ट झाला तरी उरलेल्यातून मूळ मजकूर पुन्हा उभा राहतो; खालच्या पायरीवर हे प्रमाण ७ टक्के असते. आपल्याकडील पावसाळ्याचे शेवाळ, वाळवीची माती आणि पाखरांची विष्ठा ध्यानात घेता वरचीच पायरी हवी. कोपऱ्यांतील तीन चौकटी मात्र अभंग राहिल्या पाहिजेत, कारण त्या बुजल्या तर कॅमेऱ्याला कोडच सापडत नाही.

आठवडी बाजारात भाजीच्या पाटीवर टेकवलेला यूपीआयचा कोड आता सर्वांच्या परिचयाचा आहे. २०१६ साली सुरू झालेल्या त्या व्यवस्थेविषयी दोनच सूचना: पैसे देण्यापूर्वी पडद्यावर उमटलेल्या नावाची दुकानदाराकडून खातरजमा करावी, कारण मूळ कोडावर दुसऱ्याचा कोड चिकटवणारे ठग असतात, आणि पैसे घेण्यासाठी पिन घालावा लागतो असे कोणी सांगितले तर तो लबाड समजावा.

पुन्हा झाडांकडे वळतो. २०१४ साली जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झालेल्या आलापल्लीच्या राखीव वनखंडात जुने साग उभे आहेत. साग, मोह, ऐन, धावडा, तेंदू अशा वृक्षांपाशी मराठीबरोबर माडिया भाषेतील नाव सांगणारे असे फलक असावेत अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे, आणि ती नावे गावातील वडीलधाऱ्यांना विचारूनच लिहावीत. प्रत्येक घर एक मिलिमीटरचे धरले तर भोवतीच्या चार-चार घरांच्या कोऱ्या समासासह फलकाची बाजू साडेसहा सेंटिमीटर होते. तो समास वेलबुट्टी काढून भरू नये. काळे पांढऱ्यावरच छापावे, चकचकीत वार्निश टाळावे, आणि फलक खोडात खिळ्याने न ठोकता शेजारी रोवलेल्या बांबूला बांधावा.