मुलाची अमेरिकेतली नोकरी सुटली तर...

अमरावती-अकोल्याकडे कितीतरी घरांत थोरला वावर पाहतो, धाकटा अमेरिकेत कॉम्प्युटरवर काम करतो. त्याचा फोन आला, “बाबा, नोकरी गेली,” तर घाबरू नका, दिवस मोजा. एच-वन-बी व्हिसावाल्याला २०१७ पासून जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. मुक्कामाची मुदत आधीच संपत असेल, तर त्याहून कमी. कंपनीने निरोपाचा जादा पगार हातावर ठेवला तरी मोजणी कामाच्या शेवटच्या दिवसापासून होते. पुष्कळजण इथेच फसतात.

तेवढ्यात नव्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज दाखल करायला हवा. हा अर्ज त्याला स्वतःला करता येत नाही. म्हणून कोणी दलाल ‘पैसे द्या, व्हिसा वाढवतो’ म्हणाला, तर वावर गहाण टाकू नका. नोकरी जुळली नाही, तर मुदतीतच पाहुणा म्हणून राहण्याचा अर्ज त्याला करता येतो. पण त्यावर कमाई नाही. अन् कंपनीनेच मुदतीआधी काढले असेल, तर परतीचे भाडे तिनेच द्यायचे असते. ते मागायला त्याने लाजू नये.