हळदीचे जाळे आणि सात पूल

गेल्या चार-पाच वर्षांत एक विधान माझ्या कानांवर इतक्या वेळा आले आहे, की त्याचा परामर्श घेणे आता मला टाळता येत नाही. लग्नमंडपात, वाचनालयाच्या पायऱ्यांवर, दवाखान्याच्या बाकावर आणि मोबाइलवर पहाटेपासून येऊन पडणाऱ्या संदेशांत ते थोड्याफार फरकाने एकच असते: हळदीतील करक्युमिन शरीरातील शेकडो प्रथिनांवर कार्य करते आणि म्हणून ते मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सर्व व्याधींवर गुणकारी आहे, हे आता गणिताने सिद्ध झाले आहे. माझे आयुष्य गणित शिकवण्यात गेले असल्यामुळे या वाक्याच्या पूर्वार्धापेक्षा उत्तरार्धच मला अधिक सलतो. कारण भूमितीच्या एखाद्या प्रमेयापाशी ज्याने घटकाभर घाम गाळला आहे, त्याला ‘सिद्ध’ हा शब्द किती मोलाचा आहे हे ठाऊक असते.

परवा आमच्या शेजारचे अण्णा, ज्यांची सारी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरात गेली, एक रंगीत आकृती छापून घेऊन आले. मध्ये हळद, तिच्याभोवती संयुगांची वर्तुळे, त्यापलीकडे प्रथिनांची वर्तुळे आणि या सर्वांना जोडणाऱ्या रेषांचे असे काही दाट जाळे, की कागदाचा पांढरा रंगही जेमतेम दिसावा. “मास्तर,” ते म्हणाले, “एवढ्या रेषा मधुमेहाकडे जातायत. मग आता माझी साखरेची गोळी बंद केली तर चालेल ना?”

चालणार नाही, असे मी त्यांना तत्काळ सांगितले. का चालणार नाही, ते सांगायला मात्र सगळी दुपार लागली.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे, की जाळ्यांच्या साहाय्याने औषधांचा विचार करणारे शास्त्र हे थोतांड नव्हे. ‘नेटवर्क फार्माकॉलॉजी’ हे नाव अँड्र्यू हॉपकिन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने २००७ साली रूढ केले आणि त्यामागचा विचार सर्वस्वी रास्त होता: रोग सहसा एकाच प्रथिनाच्या बिघाडातून उद्भवत नाही, औषधही सहसा एकाच प्रथिनाला स्पर्श करून थांबत नाही, तेव्हा एका कुलपाला एक किल्ली ही जुनी कल्पना सोडून या परस्परसंबंधांचे समग्र चित्र मांडावे. एका मुळीत वा एका पानात डझनावारी संयुगे असणाऱ्या वनौषधींना ही पद्धत लागू करावीशी वाटणे स्वाभाविकच होते. पुण्यात भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रिफळ्याचे असे जाळे २०१५ साली मांडले. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली १,७४२ भारतीय औषधी वनस्पती आणि त्यांतील ९,५९६ संयुगे यांची सूची विखुरलेल्या ग्रंथांतून व निबंधांतून वेचून सिद्ध केली. असल्या चिकाटीच्या कामाविषयी मला आदरच आहे. माझी तक्रार आहे ती त्या कामाच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या निष्कर्षांविषयी.

या जाळ्यांचे गणित कोठून आले हे पाहिले, की अडचण कोठे आहे तेही कळते. प्रेगेल नदीकाठच्या क्योनिग्सबर्ग नगरात सात पूल होते. प्रत्येक पुलावरून एकदाच जाऊन साती पूल ओलांडता येतील काय, असा प्रश्न तेथील नागरिकांना पडलेला होता. ऑयलर या गणितज्ञाने १७३६ च्या सुमारास तो सोडवला, तो पुलांची लांबी, रुंदी, त्यांवरची रहदारी, नदीचा वेग हे सारे टाकून देऊन आणि कोणता भूभाग कोणत्या भूभागाशी जोडला आहे एवढेच ठेवून. बिंदू आणि रेषा! तसा मार्ग नाही, हे त्याने निर्विवाद दाखवले. त्याचे टाकून देणे योग्य होते, कारण त्याच्या प्रश्नाचे उत्तर पुलाच्या रुंदीवर अवलंबूनच नव्हते. औषधाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र नेमके त्याच गोष्टींवर अवलंबून असते, ज्या ऑयलरने टाकल्या: किती, कोणत्या दिशेने, किती वेळ.

अण्णांच्या आकृतीतील रेषा कशा काढल्या जातात? एका सूचीतून वनस्पतीतील संयुगे घ्यायची, दुसऱ्या सूचीतून वा संगणकीय अनुमानातून त्या संयुगांची संभाव्य प्रथिने घ्यायची, तिसऱ्या सूचीतून रोगाशी संबंधित म्हणून नोंदलेली जनुके घ्यायची आणि दोन्ही याद्यांत सामाईक असतील ती नावे जोडायची. यांतील काही रेषा प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजलेल्या असतात. काही केवळ रेणूच्या ठेवणीतील साम्यावरून बांधलेला अंदाज असतात. आणि काही तर एवढ्याचवरून काढलेल्या असतात, की अमुक दोन नावे छापील निबंधांत वारंवार एकत्र आली. छापलेल्या आकृतीत तिन्ही रेषांची जाडी सारखीच असते. शिवाय संयुग त्या प्रथिनाला आवरते की चेतवते, हे रेषेवर बहुधा लिहिलेले नसते. रोगात जे प्रथिन आधीच अतिरेकाने कार्य करीत आहे, त्याला आणखी चेतवणारे द्रव्यही त्या आकृतीत औषध म्हणूनच शोभते.

“म्हणजे सातबाऱ्यावर नाव आहे, पण जमीन कोण कसतो ते लिहिलेले नाही,” अण्णा म्हणाले. मला याहून चांगला दृष्टान्त सुचला नसता.

त्यांच्याच खात्यातला आणखी एक दृष्टान्त मग मी त्यांना दिला, कारण यापुढचा दोष अधिक खोल आहे आणि तो पुष्कळ शिकलेल्या माणसांच्याही ध्यानात येत नाही. एखाद्या जुन्या गावचे दप्तर घेऊन, कोणाचे नाव सर्वाधिक कागदांवर आहे याची मोजदाद केली, तर कुलकर्ण्यांचे नाव पहिले येईल. ते सगळ्या गावाचे मालक होते म्हणून नव्हे; कागद तेच लिहीत होते म्हणून. प्रथिनांचेही असेच आहे. माणसाच्या शरीरात प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके आहेत, परंतु संशोधकांचे लक्ष त्यांवर समप्रमाणात वाटले गेलेले नाही. ‘नेचर’ या नियतकालिकाने २०१७ साली सर्वाधिक अभ्यासिलेल्या जनुकांचा आढावा छापला. त्यात जनुकनिहाय नोंदलेल्या निबंधांपैकी चतुर्थांशाहून अधिक निबंध अवघ्या शंभर जनुकांवर असल्याचे आढळले. पहिल्या दहांत टीपी-५३, टीएनएफ, ईजीएफआर, व्हीईजीएफ-ए, इंटरल्यूकिन-६ आणि एकेटी-१ ही नावे होती. आता वनौषधींच्या जाळ्यांवरील निबंध कोणत्याही महिन्याचे उचलून पाहा: वनस्पती कोणतीही असो, रोग कोणताही असो, ‘मध्यवर्ती लक्ष्य’ म्हणून पुन्हा पुन्हा हीच नावे येतात. ज्यावर अधिक लिहिले गेले, त्याच्याशी अधिक रेषा जोडल्या गेल्या. ज्याच्याशी अधिक रेषा, ते केंद्रस्थानी आले. हळदीचा वा मधुमेहाचा यात काही विशेष उरत नाही. दिसतो तो संशोधनाच्या दप्तराचा कल. संयुगांच्या बाजूला हेच भाग्य क्वेर्सेटिनला लाभले आहे, कारण ते असंख्य पानाफुलांत आढळते आणि त्यावर उदंड लिहिलेही गेले आहे.

करक्युमिनच्या बाबतीत तर मूळ नोंदीच संशयास्पद आहेत. २०१७ सालीच औषधी रसायनशास्त्राच्या एका मान्यवर अमेरिकन नियतकालिकात मिनेसोटा विद्यापीठातील कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी या द्रव्याची कसून झडती घेतली. हा रेणू मुळात अस्थिर. प्रथिनांशी अनिर्बंधपणे चिकटणारा, स्वतः चमकणारा, धातूंना धरणारा. परिणामी प्रयोगशाळेतील कितीतरी चाचण्यांत, खरा परिणाम नसतानाही तो परिणाम झाल्याचा आभास निर्माण करतो. रुग्णांवरील १२० हून अधिक चाचण्यांकडे निर्देश करून, दोन्ही पक्षांना अंधारात ठेवून व लटक्या औषधाशी तुलना करून केलेली एकही चाचणी यशस्वी झाली नसल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. त्यानंतर काही लहान चाचण्यांचे अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध झाले, या निर्वाळ्यावर आक्षेपही घेतले गेले, आणि तो वाद चालू राहावा असेच मी म्हणेन. परंतु चाचणीलाच चकवणाऱ्या द्रव्याच्या नावावर शेकडो प्रथिने नोंदली जाणार यात नवल काय? अण्णांना जे हळदीचे ऐश्वर्य वाटले, त्याचा मोठा वाटा नोंदीतील चुकांचा असू शकतो.

राहिला प्रमाणाचा प्रश्न. हळदपुडीत करक्युमिन असते वजनाच्या सुमारे ३ टक्के. तैवानमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना रोज ८ ग्रॅमपर्यंत शुद्ध करक्युमिन देण्यात आले, म्हणजे हळदीच्या हिशेबाने पाव किलोहून अधिक. तरी रक्तातील त्याची कमाल पातळी लिटरमागे सुमारे दोन-तृतीयांश मिलिग्रॅमच भरली. आतड्यातून ते फारसे शोषले जात नाही, आणि जे शोषले जाते त्याचे यकृत तातडीने रूपांतर करते. येथे मिऱ्याचा कैवार घेणारे पुढे सरसावतात. बंगळुरूतील संशोधकांनी १९९८ साली दाखवले होते, की २ ग्रॅम करक्युमिनसोबत मिऱ्यातील पायपरीन २० मिलिग्रॅम दिल्यास शोषण वीसपट वाढते. आकडा खरा आहे. पण त्या प्रयोगात नुसते करक्युमिन घेतलेल्यांच्या रक्तात ते मोजण्याइतकेही जेमतेम सापडत होते. अत्यल्पाचे वीसपट हे बहुधा अल्पच राहते. आणि यकृताचे जे कार्य मंदावून पायपरीन हे साधते, त्याच कार्याच्या भरवशावर आपल्या इतर गोळ्यांच्या मात्रा ठरलेल्या असतात.

मग गणिताला येथे स्थानच नाही काय? आहे, आणि ते कसे असावे याचे एक उदाहरण माझ्यापुढे आहे. बाराबाशी आणि लोस्काल्झो या संशोधकांच्या गटाने २०२१ साली ‘नेचर फूड’मध्ये वनस्पतींतील ६५ पॉलिफेनॉलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संयुगाची प्रथिने आणि रोगाची प्रथिने यांच्यात जाळ्यातील अंतर किती, हे त्यांनी मोजले. पण तेवढ्यावर न थांबता, तितक्याच रेषा असलेल्या प्रथिनांचे यादृच्छिक गट पुन्हा पुन्हा निवडून, हे अंतर केवळ योगायोगाने पडले असते काय, याची रुजुवात केली. कुलकर्ण्यांचे नाव वर येणार हे गृहीत धरून त्याची वजावट करण्याची ही रीत आहे. यातून निघालेले एक भाकीत असे होते, की रोझमॅरिनिक आम्ल, जे आपल्या तुळशीतही असते, रक्तातील बिंबिकांच्या कार्यावर परिणाम करील. मग त्यांनी बिंबिका घेतल्या, प्रयोग केला आणि भाकीत पडताळले. यावरून तुळशीचा काढा हृदयविकार टाळतो असे ठरत नाही, आणि तसे त्या संशोधकांनी म्हटलेही नाही. पुढचा प्रयोग कोणता करावा, हे मात्र ठरते. हजारो संयुगांतून दहा निवडण्याचे काम एखाद्या पद्धतीने केले, तर ती पद्धत फार मौल्यवान आहे.

आणखी काही समजुती वाटेत भेटतात. त्यांना एकेक वाक्य पुरे. हळदीचे पेटंट अमेरिकेने दिले म्हणून गुण सिद्ध झाले असे म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की १९९५ सालचे ते जखमांविषयीचे पेटंट रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, हे ज्ञान नवे नाही या मुद्द्यावर, १९९७ साली रद्द करवले. औषध रोग्यावर चालते की नाही हा तेथे विषयच नव्हता. परंपरेतील औषधे आधुनिक चाचणीत टिकत नाहीत, ही समजूतही तितकीच खोटी: मुंबईच्या रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेची मुळी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन, निरीक्षणे टिपून, १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहिला, आणि जगाने ती मुळी उचलली. वनस्पतीचे म्हणजे निरपाय, हे तर आता कोणी उच्चारूही नये. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले, वनस्पतीच्या ओळखीविषयी आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, आणि पुढच्याच वर्षी देशातील १३ केंद्रांतून असे ४३ रुग्ण नोंदले गेले.

शेवटी अण्णांच्या गोळीकडे आलो. ती मेटफॉर्मिनची आहे, आणि ज्या वनस्पतीप्रेमापोटी ते तिला रजा द्यायला निघाले होते, त्या वनस्पतीकुळातच तिचे मूळ आहे हे ऐकून ते चकित झाले. गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीत रक्तातील साखर उतरवणारे एक द्रव्य सापडले. ते माणसाला अपायकारक ठरले म्हणून बाजूस ठेवावे लागले. त्याच्याच नात्यातले मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झाले, पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी १९५७ साली ते मधुमेह्यांना दिल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि १९९८ साली ब्रिटनमधील एका दीर्घकालीन चाचणीने स्थूल मधुमेह्यांत त्याने मृत्यू घटतात असे दाखवले. शरीरात ते नेमके कोणत्या प्रथिनांमार्फत कार्य करते, यावर शास्त्रज्ञांत अजूनही एकमत नाही. त्याचे जाळे अपुरे आहे. रुग्णांची नोंद मात्र भरभक्कम आहे.

अण्णांनी आकृतीची घडी घातली आणि तिच्या कोऱ्या बाजूवर माझ्याच पेनाने गोळीची वेळ लिहून घेतली.