आधी आला फॉर्म, मग आला धडा

शाळेतले ऑनलाइन तंत्रज्ञान म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर चकचकीत फळा येतो, त्यावर फिरणारी पृथ्वी येते, कानाला हेडफोन लावून बसलेली मुले येतात. शिक्षकांच्या खोलीत हाच विषय निघाला तर पहिले वाक्य बहुतेक वेळा असे असते: "आज पोर्टल चालतंय का गो?" नोकरीची पहिली वर्षे मी डिचोली तालुक्यात काढली, नंतर बदली होऊन मुरगावात आले. दोन्हीकडे इंटरनेटचा सर्वांत नियमित आणि सर्वांत सक्तीचा वापर मी पाहिला तो माहिती भरण्यासाठी. शिकवण्यासाठी होणारा वापर त्यातून वेळ उरला तर.

शाळांची माहिती भरायच्या यू-डायस प्लस या पोर्टलचेच घ्या. पूर्वी शाळेचे एकत्रित आकडे दिले की भागत असे. 2022-23 पासून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद आली. मागोमाग 'अपार' ओळख क्रमांक आला. कल्पना वाईट नाही. मूल शाळा सोडून गेले तर कुठे गेले ते कळावे, हा हेतू मला पटतो. पण मुरगाव तालुक्यात ही नोंद म्हणजे काय असते ते एकदा बसून बघावे. बायणा, मांगोर हिल, सडा, झुआरीनगर इथली कितीतरी मुले मूळची उत्तर कर्नाटकातली, काही उत्तर प्रदेश-बिहारची. आधार कार्ड गावाकडच्या केंद्रावर काढलेले. त्यावर नाव लिहिण्याची रीत वेगळी, कधी नुसते आद्याक्षर. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे, वडिलांचे, आडनाव अशी गोव्याची रीत. स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचे तिकडे झाले की पोर्टल नाव घेत नाही. मग बाप जेटीवरच्या कामाची एक पाळी बुडवून आधार केंद्राच्या रांगेत उभा राहतो आणि बाई रात्री साडेदहाला, सर्व्हरवरची गर्दी ओसरल्यावर, पुन्हा नाव टाकून बघतात. एकशिक्षकी शाळेत हे करणारी बाई आणि पहिली ते चौथी शिकवणारी बाई एकच असते. माध्यान्ह आहाराची नोंदही तिचीच.

हे रडगाणे म्हणून सांगत नाही. शिक्षक तंत्रज्ञानाला घाबरतात, बदलाला विरोध करतात, असे सभासंमेलनांतून सर्रास ऐकू येते. घाबरतात कसले? दिवसभर तेच तर वापरतात!

गोव्याला संगणक नवीन नाही. देशपातळीवर शाळांत संगणक नेण्याचा 'क्लास' हा पहिला मोठा प्रकल्प 1984 चा, ब्रिटनच्या बीबीसी मायक्रो यंत्रांवर बेतलेला. गोव्यात खरी हालचाल झाली ती 2000 च्या आगेमागे. परदेशी गेलेल्या काही गोमंतकीयांनी आणि इथल्या उत्साही मंडळींनी मिळून 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर प्रोजेक्ट' चालवला. अमेरिकेत वापरून झालेले संगणक इथल्या शाळांत आणायचे, त्यांवर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली घालायची आणि जुनी अशक्त यंत्रे एका सर्व्हरला जोडून चालवायची, अशी ती योजना. आज मागे वळून पाहताना मला ती सगळ्यांत शहाणी वाटते, कारण त्यात यंत्र कोण दुरुस्त करणार हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. जुने यंत्र घेणाऱ्याला तो टाळताच येत नाही.

त्यानंतर सरकारी वाटपाचा काळ आला. मनोहर पर्रीकरांच्या पहिल्या कारकिर्दीत 'सायबरएज' योजनेतून अकरावीच्या मुलांच्या घरी जवळजवळ फुकट संगणक गेला. पेडण्यातल्या, डिचोलीतल्या शेतकऱ्याच्या, खाणकामगाराच्या घरात पहिला संगणक आला तो या योजनेतून, आणि त्याचे मोल मी कमी लेखणार नाही. त्यावर टंकलेखन शिकून पणजीत नोकरीला लागलेली मुले माझ्या ओळखीत आहेत. 2012 मध्ये पर्रीकर पुन्हा आले, त्यानंतर पाचवी-सहावीच्या मुलांना टॅबलेट देण्यात आले. अकरावीतल्या मुलाला यंत्राचे काय करायचे ते ठाऊक असते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ते कोणीतरी दाखवावे लागते, आणि त्या कोणीतरीची तजवीज कागदावर होती तितकी वर्गात दिसली नाही. अलीकडे सहावी ते आठवीसाठी कोडिंग आणि रोबोटिक्सची 'केअर्स' योजना आली. तिच्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जागा आहे, एवढी सुधारणा जरूर मान्य करते.

मुरगाव तालुक्यात फिरताना एक गोष्ट हटकून जाणवते. झुआरीनगरच्या पठारावर बिट्स पिलानीचा परिसर आहे, 2004 पासून. देशभरातली हुशार मुले तिथे संगणकशास्त्र शिकतात. त्याच पठाराच्या उतारावर दाटीवाटीची वस्ती आहे आणि तिथल्या मुलांच्या घरी सगळ्या घराला मिळून एक मोबाइल, तोही बापाच्या खिशात. पेडणे-डिचोलीची अडचण वेगळी. भाऊसाहेब बांदोडकरांनी 1963 नंतर वाड्यावाड्यावर मराठी शाळा काढल्या. माझ्या आईची पिढी त्यांतच अक्षर शिकली. त्या शाळा डोंगराच्या कुशीत, कुळागराच्या कडेला, देवळाच्या अग्रशाळेजवळ आहेत. जागा निवडताना पोरांना चालत येता यावे एवढेच पाहिले होते. मोबाइलची रेंज तिथे पोचेल का, हे पाहायचे कोणाच्या ध्यानात येणार?

महामारीने ही दोन्ही दुखणी एकदमच उघडी केली. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. दहावीची राहिलेली परीक्षा गोवा मंडळाने 21 मेपासून घेतली, ती धीराची गोष्ट होती. 1 जूनला वास्कोतल्या मांगोर हिलवर रुग्ण सापडले आणि तो भाग गोव्यातला पहिला मोठा प्रतिबंधित विभाग ठरला. त्याच महिन्यात नवे शालेय वर्ष व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू झाले. तिकडे सांगे, सत्तरीच्या डोंगरपट्ट्यात मुले नेटवर्कसाठी टेकडी चढून जात असल्याचे फोटो वर्तमानपत्रांत येत होते. सरकारने त्याच वर्षी टॉवरसाठी दूरसंचाराचे नवे धोरण आणले. काही गावांनी टॉवर मागितले, काही गावांनी आरोग्याच्या भीतीने आलेले टॉवर अडवले. मुलांना नेटवर्क हवे म्हणणारा आणि टॉवरच्या विरोधात सही करणारा पालक एकच असल्याचेही मी पाहिले.

त्या दिवसांतले एक काम लक्षात राहण्याजोगे आहे. मुलाने वहीत गणित सोडवायचे, बापाच्या फोनवर फोटो काढायचा, तो गटावर टाकायचा. फोटो येई रात्री आठनंतर, बाप घरी आल्यावर. वही आडवी, वरून पिवळा दिवा, पानाच्या मधोमध डोक्याची सावली. बोटांनी मोठा करून पाहावा तर 6 आणि 0 सारखेच दिसत. तपासायचे कसे? फोटोवर लाल रेघ ओढायची सोय होती, पण ती रेघ मुलापर्यंत पोचेस्तोवर बाप पुन्हा कामावर गेलेला असे. शेवटी आमच्यापैकी अनेकजणी स्वाध्यायाचे कागद काढून ते पालकांना शाळेच्या फाटकावर देऊ लागल्या, आठवड्याने भरलेले परत घेऊ लागल्या. त्यावर हाताने लिहिलेला शेरा मुले वाचत. एका मुलीने शेऱ्याखाली प्रश्न लिहून कागद परत पाठवला होता, "टीचर, शाळा कधी?" गटावर तिने कधी तोंड उघडले नव्हते.

टाळेबंदीत गावी गेलेली काही मुले गदग-विजापूरकडच्या खेड्यांतून हजेरी लावत. तेवढ्यापुरते ऑनलाइनचे उपकार मानायलाच हवेत, नाहीतर ती मुले हजेरीपटावरून पुसलीच गेली असती. पण लहानांचे नुकसान भरून आले नाही. जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गाच्या बाकावर बसले ते फेब्रुवारी 2022 उजाडल्यावर, दुसरी संपत आली तेव्हा. पेन्सिल कशी धरायची तिथून सुरुवात करावी लागली.

शालेय शिक्षणाच्या 'असर' पाहणीचे देशातील ग्रामीण भागाचे आकडे या संदर्भात वाचण्यासारखे आहेत. शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांचे प्रमाण 2018 मध्ये 36.5 टक्के होते, 2020 मध्ये ते 61.8 झाले. 2024 च्या पाहणीत 14 ते 16 वयोगटातल्या 82 टक्क्यांहून अधिक मुलांना फोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी पाहणीआधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुले 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेली 76 टक्के. यंत्र पोचवण्याचा प्रश्न पालकांनी स्वतःच्या पैशाने जवळजवळ सोडवला आहे. आता सरकारने यंत्र वाटण्यात भूषण ते काय राहिले?

बाहेरचा अनुभवही याच बाजूचा. 2007 मध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग झाला तो कर्जतजवळच्या खैराट या छोट्या गावात, आपल्या रायगड जिल्ह्यात. मुले हरखून गेली, फोटो काढू लागली. पुढे देशात ती मोहीम फार वाढली नाही, आणि पेरू देशात जिथे ती खूप वाढली तिथल्या मूल्यमापनात मुलांच्या गणित-भाषेत फरक आढळला नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने 2015 मध्ये आणि युनेस्कोने 2023 मध्ये जवळपास हाच इशारा दिला. उलट परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले. त्यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड चिकटवले, ते पुढे महाराष्ट्र राज्याच्या पुस्तकांत आले, आणि डिसेंबर 2020 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामात मला मोठे वाटते ते हे की वर्गाची गरज आधी दिसली, यंत्र नंतर आले, आणि दोन्ही एकाच शिक्षकाच्या हातात होते.

गोव्यातल्या मराठी शाळांची आणखी एक अडचण आहे. यूट्यूबवर 'चौथी परिसर अभ्यास' शोधले की धो धो मराठी मिळते, पण ते महाराष्ट्राच्या पुस्तकाचे. मुलांना त्यातून शिवनेरी कळतो, नार्व्याचा सप्तकोटेश्वर कळत नाही. इथल्या प्राथमिक पुस्तकांवर बेतलेले मराठी साहित्य त्यामानाने फारच थोडे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून निबंध लिहून आणायची सोय झाली आहे, तिथेही हेच. 'आमची चवथ' या विषयावर एका मुलाने दोन पाने लिहून आणली. सुंदर शुद्ध मराठी, सार्वजनिक मंडप, ढोलताशे, दहा दिवसांची मिरवणूक. गणपतीवर फळे-पाने बांधतात त्या माटोळीचा उल्लेख नाही, नेवऱ्यांचा नाही, आणि त्याच्या घरचा गणपती दीड दिवसाचा. मी त्याला ओरडले नाही. माटोळीला काय काय बांधलेत, तेवढे फळावार लिहून आण, असे सांगितले. ते त्याने आजीला विचारून लिहिले आणि चांगले लिहिले.

ऑनलाइन शिकवण्यात मला खरा रस वाटतो तो आपल्याच गावाकडे नव्याने बघायला मिळते तेव्हा. सड्याच्या माथ्यावरून मुरगाव बंदरात येणारी जहाजे दिसतात. जहाजांची जागा दाखवणारे नकाशे इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. समोर नांगरलेल्या जहाजाचे नाव मुलांनी वाचायचे, ते नकाशावर शोधायचे, ते कुठल्या बंदरातून निघाले ते पाहायचे. एकदा ऑस्ट्रेलियाहून कोळसा घेऊन आलेले जहाज सापडले. ज्या कोळशाची काळी पूड घराच्या खिडकीवर बसते म्हणून आई रोज करवादते, तो इतक्या लांबून येतो, हे त्या दिवशी वर्गाला समजले. अक्षांश-रेखांशाचा धडा वेगळा शिकवावा लागला नाही. भरती-ओहोटीचेही तसेच. बंदराच्या तक्त्यातली वेळ आणि बायण्याच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या काकाने सांगितलेली वेळ मुलांनी ताडून पाहिली. काका जिंकला, असे मुलांचे मत पडले.

डिचोलीत हाच खेळ गूगल अर्थवर करावा. त्यात जुन्या वर्षांची उपग्रह छायाचित्रे पाहता येतात. आपल्या गावामागचा डोंगर कधी हिरवा होता, खाणीचा खड्डा कसकसा रुंदावला, 2012 मध्ये खाणी बंद पडल्यावर खंदकात पाणी कसे साठले, सारे एकामागून एक दिसते. पेडण्यात मोपाचे पठार घ्यावे: विमानतळापूर्वीचे आणि डिसेंबर 2022 मध्ये त्याचे उद्घाटन झाल्यानंतरचे. यावर बाईंनी भाष्य करू नये, मुलेच करतात. याला वर्गात एक चालू स्थितीतला संगणक, एक प्रोजेक्टर आणि तासभर न तुटणारे नेट पुरते. प्रत्येक बाकावर टॅबलेट लागत नाही. प्राथमिक वर्गात तर मुलाच्या हाती पडदा देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा पर्वरीला शिक्षण खात्यात जे कोणी पुढच्या अंदाजपत्रकाची आखणी करतील त्यांना एवढेच विनवणे आहे. नव्या यंत्रांची खरेदी दोन वर्षे थांबवा. त्या पैशांतून प्रत्येक भागशिक्षणाधिकाऱ्याच्या हाताखाली एक तंत्रज्ञ द्या, जो प्रोजेक्टर बिघडल्याचे कळवल्यावर आठवड्याच्या आत शाळेत येईल. तीन-चार छोट्या शाळांत मिळून एक कारकून द्या, जो पोर्टलची कामे बघेल. गोव्याच्या पुस्तकांवरचे मराठी आणि कोकणी धडे तयार करायला इथल्याच शिक्षकांना वर्षभर मोकळे सोडा. आणि सडा, बायण्यापासून पेडण्यातल्या शेवटच्या वाड्यापर्यंत जो शिक्षक आज रात्री नावे भरत बसला आहे, त्याला सकाळी वर्गात काय दाखवायचे आहे ते एकदा विचारा.