दोन मिनिटं

भाच्याला जुनी टियागो जेटीपी घ्यायची होती. टियागो म्हणजे टियागो, त्यात जेटीपी कसली, असं मी म्हणालो आणि त्याने माझ्याकडे असं काही बघितलं की त्या नजरेपायीच मी त्याच्याबरोबर भोसरीच्या मेस्त्रींकडे गेलो.

गाडी दिसायला लहानच. टाटा मोटर्सने कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हजबरोबर मिळून ती ऑक्टोबर २०१८ मध्ये बाजारात आणली. साध्या पेट्रोल टियागोची ताकद ८५ पीएस, हिची ११४. इंजिन १.२ लिटरचंच, पण टर्बो लावलेलं. बोनेटवर हवेसाठी खाचा, आरशांना लाल रंग, गिअर फक्त हाताचे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि हिचा कारभार आटोपला. म्हणजे आता मिळेल ती जुनीच, आणि जुनी म्हणजे कुणीतरी हौसेने मारलेली.

पहिली गाडी एका डीलरच्या आवारात होती. धुऊनपुसून चकचकीत, डॅशबोर्डला पॉलिश. मेस्त्रींनी बोनेट लगेच उघडलं नाही. आधी त्यावर नुसता तळवा ठेवला, आई लेकराचा ताप बघते तसा.

‘‘गरम का?’’

‘‘आत्ताच जरा जागा बदलली,’’ सेल्समन म्हणाला.

मेस्त्रींनी मग बोनेट उघडून डिपस्टिक ओढली, चिंधीने पुसली, पुन्हा बुडवून काढली आणि माझ्या नाकापुढे धरली. काळं, पातळ ऑइल. वास जळकट, कढईत तळणीचं तेल विसरावं तसा. मी ते बोटाला लावून पाहिलं, हा गाढवपणा. रात्री जेवताना वरणभातालाही तोच वास.

रिक्षात बसल्यावर त्यांनी समजावलं. ‘‘सर, टर्बो फिरतो सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम गॅसवर. मिनिटाला लाखाच्या वर फेरे. त्याची बेअरिंग ऑइलवर तरंगते. घाट चढून आलात आणि खट्‌कन चावी फिरवली, तर ऑइल थांबतं, टर्बो तापलेलाच. आतलं ऑइल जळून कोळसा. गाडी लावल्यावर दोन मिनिटं चालू ठेवायची, बास. पण दोन मिनिटं कोण थांबतंय?’’

गावात सावकाश फिरून आलेल्या गाडीला याची फारशी गरज नसते, हेही त्यांनीच सांगितलं. पण जेटीपी घेणारा गावात सावकाश फिरत असेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

दुसरी गाडी तळेगावची, मालक एकच. त्याला हायवेने यायला सांगितलं होतं. मेस्त्री आम्हाला गॅरेजऐवजी समोरच्या चहाच्या टपरीवर घेऊन बसले. पांढरी गाडी आली, गॅरेजपुढे लागली. मालक उतरला नाही. इंजिन चालू, तो आत बसलेला. मेस्त्री चहा फुंकत घड्याळाकडे बघत होते. बऱ्याच वेळाने इंजिन बंद झालं.

‘‘दोन मिनिटं,’’ ते म्हणाले, आणि कप खाली ठेवला.

मला शंका आली. हल्ली विकणाराही व्हिडिओ बघून तयार होतो. आम्हाला दाखवायलाच बसला असेल.

‘‘त्याला आपण कुठं दिसत होतो?’’

पुढचं सगळं पटापट झालं. बोनेटच्या बोल्टचा रंग उडालेला नव्हता, म्हणजे गाडी ठोकलेली नसावी. टायरवर तारखेचे चार आकडे बघितले. टर्बोचा पाइप सुटा करून आत बोट फिरवलं, मग टर्बोचा दांडा चिमटीत धरून हलवला. आडवा किंचित हलला तर चालतं, पुढे-मागे सरकला तर गाडी सोडायची. सरकला नाही. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बांधलेली होती. गाडी का विकताय, हे विचारायची गरजच उरली नाही.

तरी मेस्त्री हो म्हणेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही तळेगावला. पुन्हा बोनेटवर तळवा. थंडगार. रात्रभर उभ्या गाडीच्या टर्बोचं सील गळत असेल तर पहिल्या स्टार्टला निळा धूर येतो. आधीच चालू करून ठेवली तर तो पुरावा उडून गेलेला असतो. मालकाने चावी फिरवली. मेस्त्री सायलेन्सरमागे उकिडवे बसले. थोडी पांढरी वाफ आली, विरली. त्यांनी त्यात नाक घातलं, पुन्हा घातलं आणि उठून पँट झटकली.

नमुना २९, नमुना ३०, कर्जाचा बोजा उतरवायला नमुना ३५, विमा. त्यात तीन आठवडे गेले. मेस्त्रींनी दोन्ही दिवसांचे मिळून दीड हजार घेतले. मला ते कमी वाटले. भाचा म्हणाला, ‘‘तू बोलू नकोस.’’

गाडी आणायला मीही गेलो. येताना रिकामा रस्ता मिळताच त्याने एकदा पाय दाबला, माझी पाठ सीटला टेकली आणि मी विषय बदलला. निगडीत बिल्डिंगखाली गाडी लागली. मी दाराला हात घातला.

‘‘मामा, थांब.’’

आम्ही बसून राहिलो. वर गॅलरीत बहीण आरतीचं ताट घेऊन उभी होती.

‘‘अरे, बंद कर ना ती! पेट्रोल काय फुकट मिळतं?’’