पॉडकास्ट व आंतरजालीय समुदाय, कॅथलिक

कॅथलिक श्रद्धा, उपासना व नीती या विषयांवरील ध्वनिमुद्रित कार्यक्रमांच्या आंतरजालावरून क्रमशः प्रसृत होणाऱ्या मालिकांना कॅथलिक पॉडकास्ट, तर त्याच माध्यमातून परस्परांशी नित्य संपर्क ठेवणाऱ्या श्रद्धावंतांच्या गटांना आंतरजालीय समुदाय असे म्हणतात. पॉडकास्ट व नभोवाणी यांत एक मूलभूत फरक आहे. नभोवाणीचा कार्यक्रम ठराविक वेळीच ऐकता येतो. पॉडकास्टचा नवा भाग मात्र श्रोत्याच्या यंत्रावर आपोआप उपलब्ध होतो आणि तो केव्हा व कोठे ऐकावयाचा हे श्रोता स्वतः ठरवितो. ‘पॉडकास्ट’ ही संज्ञा बेन हॅमर्स्ली या ब्रिटिश पत्रकाराने २००४ मध्ये प्रथम वापरली. प्रस्तुत नोंदीत या माध्यमांचा दैनंदिन धर्मजीवनावर होणारा परिणाम मुख्यत्वे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड या मुंबईच्या उपनगरांच्या संदर्भात विचारात घेतला आहे.

पूर्वपीठिका : नव्या संपर्कसाधनांचा धर्मकार्यासाठी उपयोग करण्याची कॅथलिक ख्रिस्तसभेची परंपरा जुनी आहे. बिनतारी संदेशवहनाचा प्रवर्तक मार्कोनी याने उभारलेल्या व्हॅटिकन नभोवाणीचे उद्‌घाटन अकरावे पायस यांनी १२ फेब्रुवारी १९३१ रोजी केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी सामाजिक संपर्कसाधनांविषयीचे फर्मान काढले आणि त्यानुसार १९६७ पासून दरवर्षी जागतिक संपर्कदिन पाळण्यात येऊ लागला. आशियासाठी मानिला येथून १९६९ मध्ये ‘रेडिओ व्हेरितास एशिया’चे प्रक्षेपण सुरू झाले. व्हॅटिकनचे संकेतस्थळ १९९५ च्या नाताळात सुरू झाले. आयर्लंडमधील जेझुइटांनी १९९९ मध्ये संगणकाच्या पडद्यावर वाचून करावयाच्या दैनिक प्रार्थनेचा, तर ब्रिटनमधील जेझुइटांनी २००६ च्या राखेच्या बुधवारी प्रवासात ऐकावयाच्या प्रार्थनेचा उपक्रम आरंभिला. अमेरिकेतील माइक श्मिट्झ या धर्मगुरूंनी १ जानेवारी २०२१ पासून संपूर्ण बायबल ३६५ भागांत वाचून दाखविणारी इंग्रजी मालिका सुरू केली. ती अल्पावधीत तेथील सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या पॉडकास्टांत अग्रस्थानी गेली आणि अन्य देशांतील इंग्रजी जाणणाऱ्या कॅथलिकांपर्यंतही पोचली.

मराठी कॅथलिकांत हे कार्य दीर्घकाळ मुद्रित नियतकालिकांनी केले. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण (१६१६) हे काव्य मुख्यतः समूहात गाऊन ऐकण्यासाठी होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे १९०३ मध्ये हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील केंदळ येथून निरोप्या हे मासिक सुरू केले. वसईच्या सुवार्ता मासिकाने फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या संपादकत्वाखाली धार्मिक विषयांना सामाजिक प्रश्नांची जोड दिली. मुंबईच्या महाधर्मप्रांताचे इंग्रजी साप्ताहिक द एक्झॅमिनर हे १८५० पासून निघत आहे.

उपनगरांतील धर्मजीवन : उपनगरांतील कॅथलिक समाज एकजिनसी नाही. साष्टी बेटावरील कोळी, आगरी, कुणबी इ. समाजांतील लोक सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज अंमलात ख्रिस्ती झाले. त्यांच्या वंशजांनी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक क्षेत्रातील १५७९ च्या चर्चचे अवशेष आणि बोरिवलीजवळील मंडपेश्वर लेण्यांलगतचे फ्रान्सिस्कन मठाचे अवशेष त्या काळाची साक्ष देतात. रेल्वे व उद्योगधंदे यांमुळे गोवा, मंगळूर, केरळ व तमिळनाडू येथील कॅथलिक कुटुंबे पुढे या भागात स्थायिक झाली. केरळीय सिरो-मलबार पंथीयांसाठी १९८८ मध्ये कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन करण्यात आला. बृहन्मुंबईच्या लोकसंख्येत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार सु. ३·३% होते.

या सर्वांचे धर्मजीवन स्थानाशी घट्ट बांधलेले होते. गावठाणांतील चौकाचौकांत क्रूस उभे असून त्यांपैकी पुष्कळ १८९६ मध्ये सुरू झालेल्या प्लेगच्या साथीत उभारण्यात आले. मे महिन्यात या क्रूसांपाशी शेजारी जमून जपमाळेची प्रार्थना म्हणत. लादिन गात आणि शेवटी चणे वा खाऊ वाटीत. काही गावठाणांत हा प्रघात अद्यापि टिकून आहे. रविवारचे मिस्सा, बुधवारी माहीमच्या सेंट मायकेल चर्चमधील नोव्हेना (१९४८ पासून) आणि सप्टेंबरमधील वांद्र्याची जत्रा यांनी वर्षाचा व आठवड्याचा क्रम ठरे. गावठाणांभोवती उत्तुंग इमारती उठल्या व एका धर्मग्रामातील कुटुंबे परस्परांना अनोळखी झाली, तेव्हा १९८० च्या दशकात बिशप बॉस्को पेन्हा यांच्या पुढाकाराने मुंबई महाधर्मप्रांतात लघु ख्रिस्ती समूहांची योजना राबविण्यात आली. एका परिसरातील काही कुटुंबांनी आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमून शुभवर्तमानाचे वाचन करावे व शेजाऱ्याच्या अडीअडचणीस धावून जावे, हे या योजनेचे सूत्र होय. आंतरजालीय समुदायांचा विचार करताना ही पार्श्वभूमी ध्यानात घेणे अगत्याचे ठरते.

श्रवणाचे स्वरूप : २०१६ च्या अखेरीस भ्रमणध्वनीवरील आंतरजाल सेवा अत्यंत स्वस्त झाली आणि उपनगरी प्रवाशाच्या हाती नवे साधन आले. बोरिवली ते चर्चगेट हे अंतर सु. ३४ किमी. असून धीम्या लोकलने त्यास एक तासाहून अधिक वेळ लागतो. मुलुंड ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा प्रवासही जवळजवळ तेवढाच आहे. दिवसाचे शुभवर्तमान व त्यावरील लहानसे प्रवचन, जपमाळ, संतचरित्रे, बायबलचे क्रमशः वाचन आणि विवाह, बालसंगोपन, मनःस्वास्थ्य इत्यादींविषयीची संभाषणे हे श्राव्य कार्यक्रमांचे मुख्य प्रकार होत. घरकामात गुंतलेल्या गृहिणी, रात्रपाळीचे कर्मचारी, रुग्णांची शुश्रूषा करणारे आणि अंथरुणास खिळलेले वृद्ध यांना हे माध्यम विशेष सोयीचे ठरते. एरवी रविवारच्या प्रवचनापुरते मर्यादित असलेले धर्मशिक्षण त्यामुळे दैनंदिन बनते. बायबलचे सलग वाचन पूर्वी न केलेल्या सामान्य श्रद्धावंतांनाही जुन्या करारातील ग्रंथांचा परिचय होतो.

तथापि श्रवणाच्या या पद्धतीत उपासनेचे रूप पालटते. मुंबईच्या लोकलमधील भजनी मंडळे टाळांच्या गजरात सर्व डबा सामावून घेतात. क्रूसापाशी चालणारी लादिनही अशीच सामूहिक असते. कानातील ध्वनियंत्रातून ऐकलेली प्रार्थना मात्र शेजारच्या प्रवाशास ऐकू येत नाही. ती एकाग्रतेस पोषक असली, तरी तिच्यात श्रोत्याने इतरांच्या सुरात सूर मिसळण्याची गरज राहत नाही. रुचेल तेवढेच ऐकावे व न रुचेल ते थांबवावे, ही मुभा प्रत्यक्ष धर्मग्रामात नसते. तेथे न आवडणाऱ्या शेजाऱ्याबरोबरही एकाच बाकावर बसावे लागते.

आंतरजालीय समुदाय : हे समुदाय स्थूलमानाने दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार आधीच अस्तित्वात असलेल्या परिचयावर उभा राहतो. धर्मग्रामाचे वा लघु ख्रिस्ती समूहाचे व्हॉट्सॲपवरील गट या प्रकारात मोडतात. मिस्साच्या वेळा, निधनवार्ता, रक्तदात्यांची निकड, आजाऱ्यासाठी प्रार्थनेची विनंती असा मजकूर त्यांवरून फिरतो. येथे संदेशाची परिणती प्रत्यक्ष कृतीत होते : निधनाची वार्ता वाचून शेजारी त्या घरी जातात. दुसऱ्या प्रकारात समान आस्था असलेल्या, परंतु परस्परांना कधीही न भेटलेल्या व्यक्ती एकत्र येतात. १९७० च्या दशकात मुंबईत रुजलेल्या करिस्मॅटिक चळवळीचे प्रार्थनागट, लॅटिन मिस्साचे पुरस्कर्ते किंवा एखाद्या प्रवचनकाराचे अनुयायी यांचे समुदाय या वर्गात येतात. आखाती देशांत वा कॅनडात गेलेल्या कुटुंबीयांना मुलुंड-अंधेरीतील घराशी एकाच वेळी जपमाळ म्हणता येणे, हा या दुसऱ्या प्रकाराच्या तंत्राचा पहिल्यास झालेला लाभ होय.

टाळेबंदीचा काळ : या माध्यमांची खरी कसोटी कोव्हिड-१९ च्या साथीत लागली. मार्च २०२० मध्ये सार्वजनिक मिस्सा बंद झाले. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली व ७ ऑक्टोबर २०२१ रोजी खुली करण्यात आली. २०२० मध्ये ईस्टरचा पवित्र सप्ताह घरातच पाळावा लागला. पोप फ्रान्सिस यांनी २७ मार्च २०२० रोजी सेंट पीटरच्या निर्मनुष्य चौकात केलेली प्रार्थना जगभर पाहिली गेली. उपनगरांतील धर्मग्रामांनीही आपापल्या वेदीवरील मिस्सा थेट प्रक्षेपित केले. वांद्र्याची जत्रा २०२० मध्ये रद्द झाली व तेथील नोव्हेना आंतरजालावरून पार पडल्या. घरोघरी टेबलावर क्रूस व मेणबत्ती मांडून कुटुंबे पडद्यासमोर बसत आणि ख्रिस्तप्रसादाऐवजी ‘आध्यात्मिक ख्रिस्तप्रसादा’ची प्रार्थना म्हणत. संस्काराची उत्कट इच्छा व्यक्त करणारी ही प्रार्थना अठराव्या शतकातील संत अल्फोन्सस लिगोरी यांच्या नावाने प्रसिद्ध आहे.

या अनुभवाने दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. अंत्यविधीस जाऊ न शकलेल्या आप्तांना पडद्यावरील विधीने काही सांत्वन लाभले. त्याचबरोबर मृताच्या घरी जाऊन हात हाती घेणे व एकत्र बसणे यांची उणीवही तीव्रतेने जाणवली.

धर्मशास्त्रीय भूमिका : १९८३ च्या धर्मविधानसंहितेनुसार (कलम १२४७) रविवारी मिस्सात सहभागी होणे हे कॅथलिकांचे कर्तव्य आहे. प्रक्षेपण पाहिल्याने ते पार पडत नाही. साथीच्या काळात बिशपांनी त्यापासून तात्पुरती सूट दिली होती. सामाजिक संपर्कविषयक पोपनियुक्त परिषदेने २००२ मध्ये ‘ख्रिस्तसभा आणि आंतरजाल’ या दस्तऐवजात आंतरजालाच्या उपयोगाचे स्वागत केले. मात्र आंतरजालावर संस्कार होऊ शकत नाहीत, असे निःसंदिग्धपणे सांगितले. त्यामुळे दूरध्वनीवरून पापनिवेदन ग्राह्य धरले जात नाही. या भूमिकेमागील कारण केवळ विधिनियमाचे नाही. देवाने मानवी देह धारण केला, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा असल्याने पाणी, तेल, भाकर व द्राक्षारस ही द्रव्ये आणि प्रत्यक्ष उपस्थिती यांना पर्याय नाही, असे ती मानते. व्हॅटिकनच्या संपर्कविभागाने २८ मे २०२३ रोजी प्रसिद्ध केलेल्या चिंतनात चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याच्या आधारे आंतरजालावरही परक्याचा शेजारी होण्याचे आवाहन केले असून, पडद्यातून सहभोजन घडत नाही याचेही स्मरण दिले आहे.

अधिकार व भाषा यांचे प्रश्न : धर्मग्रामातील धर्मगुरूची नेमणूक बिशप करतो, पॉडकास्टच्या वक्त्याची निवड श्रोता करतो. परिणामी दूरदेशीच्या वक्त्याचा शब्द स्थानिक धर्मगुरूहून अधिक प्रमाण मानला जाण्याचा संभव असतो. अमेरिकेतील राजकीय व पंथीय वाद तेथील कार्यक्रमांबरोबर अंधेरी-घाटकोपरच्या घरांत येतात. येथील जागेची टंचाई, आंतरधर्मीय शेजार, मिश्रविवाह वा गावठाणांचा पुनर्विकास या प्रश्नांविषयी ते कार्यक्रम अर्थातच मौन बाळगतात. तथाकथित दर्शने, साखळी-प्रार्थना व खोटी भाकिते यांचा प्रसारही गटांतून वेगाने होतो. अशा अलौकिक घटनांच्या चौकशीचे नवे नियम व्हॅटिकनने १७ मे २०२४ रोजी जाहीर केले.

भाषेच्या दृष्टीने या माध्यमांत इंग्रजीचे प्राबल्य आहे. भारतीय भाषांपैकी मलयाळम, तमिळ व कोकणी यांतील निर्मितीही लक्षणीय आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीतून होऊ लागला आणि दिब्रिटो यांच्या सुबोध बायबलमुळे बोलीच्या जवळ जाणारे गद्य उपलब्ध झाले. तथापि इंग्रजी माध्यमात शिकलेल्या उपनगरी तरुणांची श्रवणाची भाषा मुख्यत्वे इंग्रजीच राहिली. दुसरीकडे, लिखित परंपरा अल्प असलेल्या ईस्ट इंडियन बोलीला ध्वनिमाध्यम अनुकूल आहे. तिच्यातील गाणी व लग्नविधी यांच्या ध्वनिचित्रफिती प्रसृत होत आहेत. आजीने तोंडपाठ केलेल्या प्रार्थनाही अशाच मुद्रित झाल्यास एका लोपत चाललेल्या ठेव्याचे जतन होईल.

मूल्यमापन : ही माध्यमे श्रद्धेची जागा घेतात किंवा तिला नष्ट करतात, ही दोन्ही मते एकांगी होत. त्यांनी प्रार्थनेला चर्चच्या वेळापत्रकातून मोकळे करून प्रवासात व स्वयंपाकघरात आणले आणि रुग्ण व वृद्धांना समूहात पुन्हा स्थान दिले. परंतु त्यांचे बळ बव्हंशी आधीच्या शेजारधर्मातून येते. जेथे लघु समूह जागा आहे, तेथे भ्रमणध्वनीवरील गट त्याचा निरोप्या बनतो. जेथे शेजार तुटला आहे, तेथे श्रोत्याला ज्ञान मिळते, पण त्याच्या आजारपणात दार ठोठावणारे कोणी लाभत नाही. उपनगरांतील धर्मग्रामांपुढील प्रश्न म्हणूनच तंत्रज्ञानाचा स्वीकार करावा की नाही हा नसून, कानात ऐकलेला शब्द दारापर्यंत कसा न्यावा हा आहे.