शर्यतपथावर जाण्यापूर्वीं

हौशी चालकानें आपल्या मोटारीचा वेग हमरस्त्यावर न अजमावतां शर्यतपथावर अजमावावा. चेन्नईनजीक इरुंगाट्टुकोट्टै येथें असा पथ १९९० पासून आहे. परंतु निघण्यापूर्वीं ब्रेक-ऑइल अवश्य बदलावें. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. ‘डॉट ४’ जातीचें ताजें ऑइल २३० अंश सेल्सिअसखालीं उकळत नाहीं. ओलावा मुरल्यावर मात्र तें १५५ अंशांच्या सुमारासहि उकळूं शकतें. मग त्यांत वाफ होते, पायाच्या दाबानें ती वाफच दबते, आणि पेडल तळास टेकलें तरी गाडी थांबत नाहीं.

चाकांचे नट, ब्रेकचे पॅड व टायर तपासावे. गाडींतील सुट्या वस्तु काढाव्या. घरंगळलेली बाटली पेडलखालीं अडकते. सोबत हेल्मेट, हवा मोजण्याचें गेज, पाना व पिण्याचें पाणी असावें. ज्यास वेगानें जावयाचें आहे, त्यानें थांबण्याची तजवीज आधीं करावी.